‘शीप रेडर’: एक लेव्हल पाच मिनिटांत, पुढचा दोन तास. अडकल्यावर चूक शोधायची कशी?

टिचकी:
ल्युनी ट्यून्सचा ‘शीप रेडर’ (2001) हा गेम विंडोजवर सुरू केलाय. राल्फ लांडग्याने सॅम कुत्र्याच्या राखणीतून मेंढी पळवून ठरलेल्या जागी आणायची. सुरुवातीला सगळं सरळ आहे: लेट्यूस ठेवा, मेंढी खायला येते, उचला, चवड्यांवर निघा. पुढे मात्र चढण एकसारखी राहत नाही. एक लेव्हल चुटकीसरशी सुटतो, लगेच पुढचा जागचा हलत नाही आणि त्यानंतरचा परत सोपा. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अडकल्यावर युक्ती चुकतेय की हात चुकतोय, हे ओळखायचं कसं? आणि सॅम मध्येच फार भराभर मान फिरवतो, तो तसाच आहे का?

रानवाट:
पहिला प्रश्न अगदी मुळावर आहे. या गेममध्ये अवघडपणा दोन जातींचा आहे: सुचण्याचा आणि जमण्याचा. सुरुवातीच्या लेव्हलमध्ये एका वेळी एकच मागणी असते. अ‍ॅक्मीच्या टपालपेटीतून (अ‍ॅक्मी ही कार्टूनमधली कंपनी) वस्तू मिळते आणि तिचा उपयोग जवळच दिसतो. मधल्या लेव्हलमध्ये दोन्ही मागण्या एकत्र येतात. रबराची गलोल कुठे बांधायची हे सुचायलाही हवं आणि तिथून नेमक्या कड्यावर पडायलाही हवं. कड्यावरून पाय घसरला की वाटतं युक्तीच चुकली, आणि माणूस बरोबर असलेला रस्ता सोडून भलतीकडे शोधत बसतो. ते दोन तास बहुतेक यातच जातात.

ओळखायची खूण अशी: तेच चार-पाच वेळा करून बघा. दर वेळी अगदी त्याच जागी, तेवढ्याच अंतराने कमी पडत असाल तर युक्ती चुकतेय, किंवा एखादी वस्तू वापरायची राहिलीय. कधी अलीकडे, कधी पलीकडे, कधी थोडक्यात हुकत असेल तर युक्ती बरोबर आहे, हात बसायचाय. तेव्हा रस्ता बदलू नका.

दुसरं म्हणजे मेंढीला हात लावण्याआधी कळपाबाहेरचा पूर्ण रस्ता रिकाम्या हातांनी चालून बघा, तोही उलटा. शेवटच्या जागेपासून मागे येत प्रत्येक अडथळ्याला विचारा, ‘इथून मेंढी कशी जाईल?’ राल्फला रॉकेटने वर जाता येतं, पण मेंढीसकट जाता येतंच असं धरून चालू नका. मेंढीचा रस्ता आणि राल्फचा रस्ता वेगळे असू शकतात, आणि बरीच कोडी नेमकी या फरकावर उभी आहेत.

टपालपेटीत जे मिळतं ते त्या लेव्हलचं अर्धं उत्तर समजा. छत्री मिळाली तर उंचावरून तरंगत उतरायची किंवा वाऱ्याची जागा शोधा. डायनामाइट मिळाला तर वाट अडवणारा खडक शोधा.

सॅमजवळ घाई नको. डोळ्यांवर झुलपं असली तरी त्याला दिसतं आणि ऐकूही येतं. धावत जवळ गेलात तर पावलांनीच कळतं. चवड्यांवर या, झुडपात शिरलात तर झुडपासकट सरका आणि त्याचं तोंड तुमच्याकडे वळायच्या आधी थांबा. वळल्यावर थांबून उपयोग नाही. चालतं झुडूप त्याने बघितलेलं असतं.

खटपट्या:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्या मशीनमध्ये आहे. त्या काळच्या बऱ्याच गेम्समध्ये हालचालींचा वेग फ्रेमशी, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांशी, बांधलेला असे. नव्या मॉनिटरवर 120 किंवा 144 फ्रेम मिळाल्या की सगळंच पळायला लागतं. आधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेम 60 करा. मान सावकाश फिरू लागली तर कारण तेच.

सेटिंग लागू होत नसेल तर ‘डीजीव्हूडू 2’ हे जुने गेम नव्या विंडोजवर चालवणारं सॉफ्टवेअर वापरा. त्याच्या फोल्डरमधल्या ‘एमएस’ आणि आत ‘एक्स86’ मधल्या ‘डीड्रॉ’ आणि ‘डी3डीइम’ या दोन डीएलएल फाइल गेमच्या इएक्सईशेजारी (गेम सुरू करणाऱ्या फाइलशेजारी) ठेवा. कंट्रोल पॅनेलची फाइलही तिथेच कॉपी करून उघडा, फ्रेमची मर्यादा घाला आणि कोपऱ्यातला वॉटरमार्क बंद करा. एक्स64 मधल्या फाइल घेऊ नका, गेम 32 बिटचा आहे. नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते.

व्हिडिओ बघून खेळणार असाल तर युरोपातलं नाव ‘शीप, डॉग एन वुल्फ’ टाकूनही शोधा, बरंच काही त्या नावाखाली आहे. प्लेस्टेशनची युरोपीय आवृत्ती 50 हर्ट्‌झची आणि अमेरिकी 60 ची, त्यामुळे व्हिडिओतली मोजणी तुमच्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

जुनी_डिस्क:
रानवाट यांच्याशी सहमत. भर घालायची ती टाइम मशीनच्या (भूतकाळात जाता येणाऱ्या) लेव्हलबद्दल, कारण तिथे चार-पाच वेळा करून बघण्याची खूण फसते. तिथली चूक जागेची नसून काळाची असू शकते. आधी दोन्ही काळांत एकच फेरी मारा आणि फक्त फरक टिपा: कुठे झाड आहे, कुठे नाही, कुठली वाट बुजलीय. भूतकाळात केलेलं वर्तमानात दिसतं, उलट नाही. म्हणजे कोड्याची पहिली चाल जवळजवळ नेहमी भूतकाळातच असते.

प्लेस्टेशनची आवृत्ती एम्युलेटरवर (कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) खेळलात तर सेव्ह करायचे तीन स्लॉट धरा: मेंढी उचलण्याआधी, सॅमच्या टप्प्याबाहेर पडल्यावर आणि अवघड उडीच्या आधी. सॅम तुमच्याकडे वळायला लागलेला असताना सेव्ह करू नका. तो स्लॉट लोड केला की दर वेळी मारच बसतो. आणि एकाच स्लॉटवर लिहीत राहिलात तर मागे जायला वाटच उरत नाही.

टिचकी:
60 वर बांधल्यावर मान सावकाश फिरायला लागली. एक्स64 चीच फाइल ठेवली होती, आता बदलली. गलोल दर वेळी त्याच जागी कमी पडत होती, म्हणजे युक्तीच चुकत होती. पेटीत पंखाही आहे, तो अजून मागवलेलाच नाही.