बागेतला वारली कोपरा: सिमेंटच्या भिंतीवर पिठाचं चित्र टिकेल का?

वेशीवरचा
पालघर पट्ट्यातल्या एका शहरी बागेत तीन गुंठे जागा वारली वारशासाठी ठरली आहे. शाळांच्या सहली येतील. कंपाउंडच्या भिंतीवर चित्रं, मोह-पळसाची झाडं आणि कारवीची झुडपं असा आराखडा आहे. रंग तांदळाच्या पिठाचा की ॲक्रिलिक? आणि मोह बियांपासून होतो का?

कुडकाम
उघड्यावर पीठ पहिल्या पावसात धुऊन जाईल. मुळात ते घराच्या आत, शेणानं सारवून गेरू दिलेल्या कुडावर, म्हणजे काठ्या-मातीच्या भिंतीवर, लग्नकार्यापुरतं काढतात. वर्षानुवर्षं टिकावं असा हेतूच नसतो. कंपाउंडला बाहेरकामाचं ॲक्रिलिकच द्या. प्लास्टर नवं असेल तर २८ दिवस प्रायमरही नको, क्षार फुलून पापुद्रे निघतात. खालचा फूटभर पट्टा कोरा सोडा, चिखलाचे शिंतोडे तिथेच बसतात.

पिठासाठी छपराखाली खरा कूड उभारा. खाली फूटभर दगडी जोतं, नाहीतर वाळवी लागते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही अंगांनी माती-शेण लिंपायचं. वळचण दोन फूट पुढे हवी. पहिला थर तडकणारच, भेगांवर पातळ दुसरा हात फिरवायचा, मग गेरू.

तांदूळ रात्रभर भिजवून बारीक वाटा, थोडा डिंक घाला, ताकाइतकं पातळ ठेवा. टोक ठेचलेली बांबूची काडी हाच कुंचला. ओली रेघ जेमतेम दिसते, वाळल्यावर पांढरी उठते. नवशिके घाबरून तीच पुन्हा गिरवतात आणि तो जाड थर वाळला की खपलीसारखा सुटतो. मुलांना आधी पाटीवर एक रेघ मारून ती वाळेपर्यंत बघत बसवा.

तारपकरी
काय काढायचं हेही ठरवा. देवचौक म्हणजे भिंतीवर काढलेली चौकट आणि त्यातली पालघट देवी ही लग्नातली पूजेची मांडणी आहे, सवाशिणी काढतात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. तिचा सेल्फी पॉइंट करू नका. भातलावणी, मासेमारी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच खुशाल काढा. फक्त तारप्याचा फेर बंद गोल नसतो, त्याचं शेपूट मोकळं असतं. कंत्राटी रंगारी ते हमखास जोडून टाकतात.

निविदेत चौरस फुटाचा ‘रंगकाम’ दर लावलात तर काम स्टेन्सिलवाल्याकडेच जाणार. पाड्यावरच्या चित्रकारांना थेट मानधन द्या, नाव भिंतीवर लिहा.

रोपवाटिका
मोह बियांपासून होतो, पण बी ताजं हवं. फळं जून-जुलैत पिकतात, बी काही आठवड्यांतच मरतं. साठवलेलं बी न उगवण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. गर काढून लगेच उंच पिशवीत, अंगठ्याच्या पेराएवढं खोल लावा. सोटमूळ झपाट्यानं खाली जातं, त्यामुळे पिशव्या अधूनमधून हलवा. मूळ जमिनीत घुसलं तर उचलताना तुटतं. दोन झाडांत ८ ते १० मीटर अंतर, म्हणजे कूड आणि बाकीची झाडं धरून तीन गुंठ्यांत मोह दोनच. बुंध्याशी लॉनचं रोजचं पाणी नको. नावाच्या पाट्या वेगळ्या खांबावर, खोडात खिळा नाही.

कारवी साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते, तेवढं लक्षात ठेवा.

वेशीवरचा
म्हणजे तो भाग एकदम उघडा पडेल?

रोपवाटिका
काही काळ पडेल. माळ्याला सांगून ठेवा, वाळलेल्या काठ्या कचरा समजून उपटायच्या नाहीत. बोंडं तडकून बी खाली पडू द्या, पावसात रोपं उठतील.

कुडकाम
आणि बी पडून गेलं की त्याच काठ्या कापून कुडाच्या दुरुस्तीला घ्या.