गॅस गळती आणि घरातली जनावरं: टाकी, कुत्रा आणि पिंजरा कुठे ठेवावा?

प्रश्न (जळगाव)

घर पहिल्या मजल्यावर. गॅसची टाकी ओट्याखालच्या ट्रॉलीत, दार लावलेलं. कुत्रा दीड वर्षाचा, उन्हाळ्यात दिवसभर ओट्यासमोरच्या फरशीवरच पसरतो, कारण घरात तीच जागा गार. लव्हबर्डची जोडी स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगलेल्या पिंजऱ्यात. मे महिन्यात झळांमुळे अकरा वाजल्यापासून खिडक्या-दारं बंद असतात, आम्ही दोघं कामाला आणि कुत्रा साखळीला.

गळती झाली तर आधी त्रास कोणाला? अलार्म कुठे लावायचा? कुत्र्याला वास आला की तो भुंकून सांगेल, असं सगळे म्हणतात. त्यावर विसंबायचं का?

उत्तर १ (शेगडी-रेग्युलेटर दुरुस्ती, भुसावळ)

भाऊ, भुंकण्यावर अजिबात विसंबू नका. त्याचं नाक तुमच्याआधी वास पकडेल, पण एलपीजीला मुळात वास नसतो. त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात ते माणसाला कळावं म्हणून. कुत्र्याच्या लेखी तो फोडणीसारखाच आणखी एक वास. आणि बंद घरात तो भुंकला तरी ऐकणार कोण?

हा गॅस हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. सांडलेल्या पाण्यासारखा फरशीवरून सरकतो, ओट्याखाली आणि दाराच्या उंबऱ्याशी साचतो. उभ्या माणसाचं नाक पाच फुटांवर, झोपलेल्या कुत्र्याचं फरशीपासून चार बोटांवर. त्यामुळे गॅस आधी त्याच्यापर्यंत पोहोचणार. हवेत साधारण २ टक्के गॅस झाला की ठिणगीने पेट घेतो. गुदमरायला त्याच्या कितीतरी पट लागतो. तेवढा साचायच्या आत फ्रिज आपोआप चालू झाला, तर ती ठिणगी पुरते.

म्हणून पहिलं काम: घर सोडताना आणि रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करा. नुसतं शेगडीचं बटण नव्हे. रेग्युलेटर बंद असला की नळी, नळीची दोन्ही टोकं आणि शेगडीचे कॉक यांतून नव्याने गॅस येत नाही. अलार्म कितीही चांगला घेतला तरी घरात माणूस नसताना तो नुसता वाजत राहतो.

उरते टाकीच्या तोंडाशी होणारी गळती. नवी टाकी आली की डिलिव्हरीवाला समोर असतानाच टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी घाला. बुडबुडे आले तर व्हॉल्व्हची पिन गळते, टाकी परत करा. मग पाणी पुसून रेग्युलेटर बसवा, चालू करा आणि गळ्याशी साबणाचं पाणी लावा (अर्धा ग्लास पाणी, दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, जुना ब्रश). आता फेस फुगला तर आतली काळी रबरी ओ-रिंग चिरलेली किंवा गायब आहे. हा दोष रेग्युलेटर लावल्याशिवाय दिसत नाही, म्हणून दोन्ही तपासण्या कराव्या लागतात. तसाच ब्रश नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या बटणांच्या दांड्यांनाही फिरवा. काडी पेटवून कधीही तपासू नका. पांढरी टोपी दोरीसकट टाकीलाच बांधलेली असू द्या, गळतीत तीच कामाला येते.

नळी आयएसआय मार्कची, तारेची जाळी असलेली नारंगी सुरक्षा नळी घ्या. लांबी दीड मीटरच्या आत, पाच वर्षांनी बदला. तिच्यावर कापड किंवा प्लास्टिकचा पाइप चढवू नका, कुरतडलेली जागा झाकली जाते. पिल्लू दात येताना रबर चावतं, आणि ओट्याखाली उंदीर असतील तर तेही. उंदरांचं औषध मात्र तिथे टाकू नका, ते कुत्रा खाईल. बीळ सिमेंटने बुजवा. मोठा कुत्रा पुढचे पाय ओट्यावर टेकतो, मांजर शेगडीवरून उडी मारते. दाबून फिरवायची बटणं असलेली शेगडी त्यासाठी बरी.

अलार्म स्वयंपाकघरात, पण ट्रॉलीच्या बाहेर, फरशीपासून फूटभर उंचीवर आणि मोरीच्या शिंतोड्यांपासून लांब लावा. छताजवळ लावलेला अलार्म एलपीजीसाठी बिनकामाचा. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो, फक्त त्याच्यासाठी तो वर लावतात.

उत्तर २ (पशुवैद्यक, धुळे)

वरचं सगळं बरोबर आहे. साखळीबद्दल बोलतो. बंद घरात कुत्रा साखळीला बांधून जाऊ नका, निदान स्वयंपाकघराच्या बाजूला तरी नाही. त्याला नकोसा वास आला तर सरकता आलं पाहिजे. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि त्याची गोणपाटाची गादी खिडकी असलेल्या दुसऱ्या खोलीत टाका. गार फरशी हवी असेल तर तिथे पाणी शिंपडा. पट्टा आणि पिंजरा बाहेरच्या दाराजवळ, पटकन उचलता येतील असे हवेत.

घरी असताना वास आला तर क्रम असा: पेटलेलं सगळं आणि रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुत्रा पट्ट्याने आणि पिंजरा हाताने घेऊन बाहेर. पंखा, दिवा, एक्झॉस्ट, दाराची बेल यांना हात नको. चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. मेन स्विच घराबाहेर असेल तरच बाहेरून पाडा. फोन बाहेर आल्यावर, १९०६ वर, तो गळतीसाठी चोवीस तास चालतो. घाबरलेली मांजर पलंगाखाली शिरली तर तिच्यासाठी दहा मिनिटं आत थांबू नका. दार उघडं ठेवून बाहेर या, बहुतेक वेळा ती स्वतःच निघते.

पक्ष्यांचं शरीर वेगळं. फुप्फुसांच्या जोडीला हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे हवेतलं विष ते आपल्यापेक्षा फार लवकर शोषतात. पूर्वी विषारी वायू आधी कळावा म्हणून खाणीत कॅनरी नावाचे छोटे पक्षी नेत ते याचमुळे. पिंजरा स्वयंपाकघरात टांगूच नका. गळती नसली तरी नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुराने लव्हबर्ड काही मिनिटांत मरतात.

आता ज्याकडे कोणी बघत नाही ते: गॅस गीझर. थंडीत कुत्र्याला आंघोळ घालताना तो पळू नये म्हणून बाथरूमचं दार लावतात, खिडकीच्या फटीत कापड कोंबतात आणि गीझर वीस मिनिटं चालू. बंद जागेत ऑक्सिजन कमी पडला की ज्वाला अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्यासाठी एलपीजीच्या अलार्मवर विसंबता येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. लहान जनावराचा श्वास जलद, म्हणून माणसाला डोकं जड वाटायच्या आत ते लडखडतं. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवा, नाहीतर बादली भरून गीझर बंद करा आणि मगच कुत्र्याला आत घ्या. बंद खोलीत रात्रभर कोळशाची शेगडी ठेवली तरी हेच होतं.

लक्षणं: झिंगल्यासारखं चालणं, लाळ, उलटी, धाप, हाक मारली तरी न उठणं. ओठ वर करून हिरड्या बघा. निळसर-करड्या असतील तर ऑक्सिजन कमी पडलाय. लालभडक दिसल्या तर बरं वाटलं असं समजू नका, कार्बन मोनॉक्साइडमध्ये तशा होऊ शकतात. मोकळ्या हवेत न्या, मान सरळ ठेवा. दूध, ताक, कांदा, काहीही तोंडात घालू नका, शुद्ध हरपलेलं जनावर ते फुप्फुसात ओढतं. ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात लगेच न्या. सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ आहे, पण गाडीची वाट बघत बसू नका, रिक्षा मिळाली तर रिक्षाने निघा. त्या दिवशी सावरलं तरी पुढचे काही दिवस नजर ठेवा: ठेचकाळणं, आंधळ्यासारखं भिंतीला धडकणं, झटके आले तर पुन्हा आणा.

प्रश्नकर्ता

धन्यवाद डॉक्टर, धन्यवाद भाऊ. पिंजरा आजच बैठकीत हलवतो. ट्रॉलीचं काय करू? टाकी गॅलरीत ठेवली तर चालेल का? तिथे दुपारी ऊन असतं.

उत्तर १ (भुसावळ)

आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात टाकी नको. तापमान वाढलं की आतला दाब चढतो. शिवाय रबरी नळी भिंतीतून न्यायची नसते, त्यासाठी धातूची पाइप टाकून घ्यावी लागते. टाकी आतच उभी राहू द्या, शेगडी टाकीपेक्षा उंचावर. ट्रॉलीचं दार काढून टाकलं तर उत्तम. ठेवायचं असेल तर दाराच्या अगदी खालच्या कडेला वीतभर रुंद, चार बोटं उंच खाच कापून त्यावर बारीक तारेची जाळी ठोका. खाच वर कापली तर जड गॅस तळाशीच राहतो. ओट्याच्या बाहेरच्या भिंतीतही फरशीलगत तशीच एक जाळी असली तर साचलेला गॅस घराबाहेर निघेल.