मदत हवी आहे: गिधाडांसाठी मेलेलं जनावर टाकताना औषधाची खात्री कशी करायची?

म्हसळा तालुक्यात आमच्याकडे पांढऱ्या पाठीची गिधाडं अजून टिकून आहेत. मेलेलं जनावर पुरण्याऐवजी रानात टाकायला लोक तयार आहेत, अडतंय ते औषधावर: काही वेदनाशामक औषधं टोचलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे, किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर 2023 पासून. तरी माणसांसाठीची बाटली गोठ्यात पोचतेच! मेडिकलवाल्याला त्याऐवजी गिधाडांना सुरक्षित असलेलं मेलॉक्सिकॅम ठेवायला सांगून झालं, गुरांच्या डॉक्टरांनाही पटलंय. पण आजारी बैलाला आधी कोणी काय टोचलं, हे मालकालाच माहीत नसतं. जवळ प्रयोगशाळा नाही आणि उन्हाळ्यात मेलेलं जनावर ठेवून देता येत नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर किती दिवस गेले असतील तर टाकणं सुरक्षित धरायचं? की औषध माहीत नसेल तर सरळ पुरायचं?