शब्दचर्चा : अमेरिकी प्रेक्षकाला सॉकर ‘रटाळ’ वाटतो की ‘संथ’?

शब्दवेध

‘सॉकर इज बोअरिंग’ हे अमेरिकी क्रीडारसिकाच्या तोंडचं नेहमीचं वाक्य. सॉकर म्हणजे आपला फुटबॉल. मी भाषांतर करतोय त्या मजकुरात असा प्रेक्षक आणि सॉकरचा चाहता बोलतात. तिथे ‘बोअरिंग’साठी कोणता शब्द घ्यावा? कंटाळवाणा, रटाळ, संथ, नीरस, पकाऊ हे सगळे कोशात शेजारी बसतात, पण वाक्यात घातले की प्रत्येकाची तक्रार वेगळी निघते. समोरच्या बाजूलाही तेच. थरारक, रोमहर्षक, उत्कंठावर्धक, चुरशीचा, रंगतदार यांतला कोणता शब्द सॉकरच्या चाहत्याच्या उत्तरात शोभेल? बोलणारा माणूस एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग), बास्केटबॉल आणि बेसबॉल बघत वाढलेला आहे, हे धरून सांगा. आणि मुळात ‘सॉकर’ तसाच ठेवायचा की ‘फुटबॉल’ करायचा?

यार्डपट्टी

‘संथ’ आधी बाद करा. तो वस्तुस्थितीलाच धरून नाही.

एनएफएलचा सामना घड्याळावर ६० मिनिटांचा, पण प्रक्षेपण तीन तासांच्या वर जातं. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये मोजदाद केली, तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ सुमारे ११ मिनिटं भरला. एक चाल चार-पाच सेकंदांत संपते. पुढची सुरू करायला ४० सेकंदांपर्यंत मुभा असते आणि त्यात घोळका करून डावपेच ठरतात. सॉकरमध्ये ९० मिनिटांच्या सामन्यात चेंडू साधारण ५५ ते ६० मिनिटं खेळात असतो. एनएफएल आवडीने बघणारा माणूस वेगावरून सॉकरला नावं ठेवतोय असं भाषांतरात दिसलं, तर त्याचं म्हणणं चुकीचं पोचेल.

त्याची खरी अडचण हिशेबाची आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक चाल संपली की पडद्यावर आकडा येतो : दुसरा प्रयत्न, सात यार्ड बाकी. गुण झाला नाही तरी काय कमावलं, काय गमावलं ते कळतं. बेसबॉलमध्ये जवळपास प्रत्येक फेकीनंतर बॉल (चुकीची फेक) आणि स्ट्राइकची (फलंदाजाच्या विरोधात मोजली जाणारी फेक) मोजणी बदलते. सॉकरमध्ये एखादा संघ ३० पास देतो, चेंडू फिरून गोलरक्षकाकडे परत येतो आणि फलक होता तसाच ०–०. चेंडू सतत हलत असतो, पण त्याच्या नजरेने पदरात काही पडत नाही. मराठीत ही तक्रार ‘काही घडतच नाही’ अशी येते. ‘हळू चाललंय’ अशी नाही.

आकड्यांमुळे आणखी एक गैरसमज होतो. २८–२१ हा निकाल भरगच्च वाटतो. पण टचडाऊनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्टीत पोचवण्याचे) सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक असे सात गुण धरले, तर तो चार विरुद्ध तीन असा असू शकतो. सॉकरमध्ये ४–३ झाला तर तो गोलांचा पाऊस म्हणवतो! ‘गोल फार कमी’ हे वाक्य भाषांतरित करताना हा फरक एका ओळीत वाचकाला सांगावा.

अवग्रह

यार्डपट्टींच्या मुद्द्याला व्याकरणाची जोड देतो. मराठीत कंटाळा ‘येतो’, आणि तो माणसाला येतो. ‘मला कंटाळा आला’ यात सामन्यावर आरोप नाही. ती बघणाऱ्याची अवस्था आहे. ‘सामना रटाळ झाला’ म्हटलं की दोष सामन्याच्या पदरी गेला. ‘कंटाळवाणा’ या दोहोंच्या मध्ये बसतो : व्याकरणाने विशेषण सामन्याचं, पण आतला कंटाळा माणसाचाच. इंग्रजी ‘बोअरिंग’मध्येही हीच सरमिसळ आहे, म्हणून सर्वसाधारण मताला ‘कंटाळवाणा’ सर्वांत जवळचा.

‘रटाळ’ला पुनरावृत्तीचा वास आहे. लांबलेलं भाषण, त्याच वळणावर घुटमळणारी मालिका, हे रटाळ. ‘नीरस’ला रस मुळातच नसणं अभिप्रेत असतं आणि तो लेखी शब्द आहे, मैदानावरच्या माणसाच्या तोंडी तो उपरा वाटतो. (दीर्घ नी लिहा, ‘निरस’ नको.) ‘पकाऊ’ बोलीतला, तरुणांच्या संवादात चालेल, पण तो जास्त करून बोलणाऱ्या माणसाला किंवा व्याख्यानाला लागतो. सामन्याला ‘बोअर मॅच’ असंच सर्रास म्हणतात. संवाद असेल तर ‘बोअर’ खुशाल ठेवा, तो आता मराठीच आहे.

मधलीफळी

‘रटाळ’ पूर्ण टाकू नका. सॉकरच्या इतिहासात तो नेमका बसतो अशी एक जागा आहे. १९९० च्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी २.२१ गोल झाले, ही विश्वचषकातली आजवरची नीचांकी सरासरी. आघाडी मिळाली की बचावपटू चेंडू मागे गोलरक्षकाला देणार, तो हातात उचलून धरणार, पुन्हा बचावपटूकडे, पुन्हा मागे. तेच ते, आणि मुद्दाम. याला मराठीत ‘रटाळ’च म्हणायचं. १९९२ मध्ये नियम आला की सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताळता येणार नाही. अमेरिकेत झालेल्या १९९४ च्या विश्वचषकात साखळी सामन्यातल्या विजयाला दोनऐवजी तीन गुण दिले, त्यामुळे बरोबरीवर समाधान मानणं महाग पडू लागलं. सरासरी २.७१ वर गेली.

वेळकाढूपणावर इलाज करण्यात अमेरिकी खेळही मागे नाहीत, आणि ही तुलना त्या प्रेक्षकाला लगेच पटते. १९५० मध्ये एनबीएचा (व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा) एक सामना १९–१८ असा संपला, कारण फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसविरुद्ध चेंडू नुसता धरून ठेवला. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं, म्हणजे तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू फेकलाच पाहिजे. हिशेब साधा होता : ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे १२० फेके, भागाकार २४. बेसबॉलने २०२३ मध्ये फेकीवर घड्याळ लावलं, तळांवर (बेसवर) धावपटू नसताना १५ सेकंद. सॉकरमध्ये २०२५ पासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून मोजतो.

थोडक्यात, वेळकाढू सामना ‘रटाळ’, पण ०–०चा प्रत्येक सामना रटाळ नाही. आपल्या क्रीडापानांनी हे शब्दातच पकडलं आहे. ‘३५व्या मिनिटाला गोलकोंडी फोडली’ असं आपण लिहितो. कोंडी म्हणजे रिकामेपण नाही. कोणीतरी जोर लावतोय आणि कोणीतरी अडवून धरतोय, ही कोंडी. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांच्या बातम्यांत हा शब्द हंगामभर वाचायला मिळतो. अमेरिकी प्रेक्षकाला जे ‘काहीच घडत नाही’ वाटतं, त्याला मराठी वार्ताहर ‘कोंडी’ म्हणतो. सॉकरच्या बाजूने बोलणाऱ्या पात्राला हा शब्द जरूर द्या.

शब्दवेध

‘कोंडी’ फार उपयोगी. पण ती नवख्या प्रेक्षकाला दिसत का नाही? मजकुरात नेमकं तेच समजावून सांगणारा परिच्छेद आहे.

मधलीफळी

कारण तो चेंडूच्या मागे डोळे फिरवतो. बास्केटबॉलचं मैदान ९४ फूट लांब, दहाही खेळाडू चौकटीत मावतात आणि चेंडूजवळच सगळं घडतं. सॉकरचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर, खेळाडू २२, आणि गोलची तयारी बहुतेक वेळा चेंडूपासून ३०-४० मीटरवर होते.

समजावण्याचा क्रम असा ठेवा. पहिली दहा मिनिटं बचावाच्या चौघांची ओळ बघायची : ती मध्यरेषेकडे सरकते की स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राकडे? ओळ वर सरकली तर तिच्यामागे मोकळी जागा उरते, आणि समोरच्या वेगवान आघाडीपटूचा डोळा तिथेच असतो. मग चेंडू नसलेल्या संघाकडे बघायचं. कडेच्या बचावपटूला चेंडू मिळाला, त्याची पाठ मैदानाकडे आणि तोंड कडेच्या रेषेकडे असलं, की दोघे-तिघे त्याच्यावर धावून जातात. इथे चेंडू सुटला तर तीन-चार पासांत संधी तयार होते. तिसरं म्हणजे मोजणी. ज्याला आकडा हवाच आहे त्याने चेंडू पेनल्टी क्षेत्रात किती वेळा शिरला ते मोजावं. १६.५ मीटर खोल, ४०.३ मीटर रुंद असा तो आयत आहे आणि बहुसंख्य गोल त्याच्या आतून होतात. ताबा ७० टक्के असूनही त्या आयतात शिरकाव नसेल, तर तो ताबा पोकळ. ‘ताबा’ आणि ‘वर्चस्व’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणं ही क्रीडावृत्तांतली नेहमीची चूक आहे, ती इथे टाळा.

अवग्रह

शब्दांच्या गफलतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. अमेरिकी प्रेक्षकाचा दुसरा मोठा आक्षेप : सामना निकालाविना संपतो. इथे ‘अनिर्णित’ लिहू नका. मराठी वाचकाच्या डोक्यात क्रिकेट पक्कं आहे. कसोटी वेळेअभावी अपुरी राहिली की ‘अनिर्णित’, आणि धावा समान झाल्या की ‘बरोबरीत’. सॉकरमध्ये वेळ पुरा होतो आणि गोलसंख्या समान असते, म्हणून ती ‘बरोबरी’. मात्र पाच दिवस खेळून अनिर्णित राहिलेल्या कसोटीत गोडी घेणारा वाचक अमेरिकी प्रेक्षकाची चीड सहज समजणार नाही, तेव्हा पार्श्वभूमी द्यावी लागेल.

यार्डपट्टी

ती पार्श्वभूमी अशी. बेसबॉलमध्ये निकाल लागेपर्यंत डाव वाढवतात. एनबीएमध्ये पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ देत राहतात. कॉलेज फुटबॉलने १९९६ मध्ये बरोबरी काढून टाकली, आइस हॉकीच्या एनएचएल लीगने २००५–०६ च्या हंगामापासून शूटआउट (एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर एकट्याने प्रयत्न करणं) आणलं. या सवयीला मान देऊन मेजर लीग सॉकरने १९९६ च्या पहिल्या हंगामापासून बरोबरीच ठेवली नाही. गोलसंख्या समान राहिली की शूटआउट : खेळाडूने ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचं आणि पाच सेकंदांत गोलरक्षकाला चकवायचं. घड्याळही शून्याकडे उलटं धावायचं. सॉकरचे जाणते चाहते यावर नाराज होते आणि न बघणारे त्यामुळे येईनात. १९९९ च्या हंगामानंतर दोन्ही गोष्टी बंद झाल्या. ‘थोडं बदललं तर अमेरिकेला आवडेल’ या मताला हे चार हंगाम पुरेसं उत्तर आहेत, असं माझं ठाम मत आहे.

घड्याळावरून एक सूचना. ९० मिनिटांपुढे पंच वाया गेलेला वेळ जोडतो तो ‘भरपाई वेळ’. बाद फेरीत बरोबरी झाल्यावर १५-१५ मिनिटांची दोन सत्रं होतात तो ‘अतिरिक्त’ किंवा ‘जादा’ वेळ. वृत्तपत्रांतसुद्धा यांची अदलाबदल होते आणि मग वाचकाला सामना ९३ मिनिटं चालला की १२० ते कळत नाही. २३ जून २०१० ला विश्वचषकात प्रिटोरियात अल्जीरियाविरुद्ध अमेरिकेच्या लँडन डोनोव्हनने ९१व्या मिनिटाला गोल केला, अमेरिका गटात पहिली आली. तो भरपाई वेळेतला गोल. ९० मिनिटं कोंडी, बाद होण्याच्या उंबरठ्यावर असलेला संघ, आणि एका गोलात गटाचा क्रमच बदलला. उलटं धावणारं घड्याळ शून्यावर थांबलं असतं तर हा गोल झालाच नसता.

‘सॉकर’बद्दल : पात्राच्या तोंडी ‘सॉकर’ ठेवा, निवेदनात ‘फुटबॉल’, आणि एनएफएलच्या खेळाला दर वेळी ‘अमेरिकन फुटबॉल’. ‘सॉकर’ अमेरिकेत तयार झाला ही समजूत मात्र टीपेत दुरुस्त करा. १८६३ च्या इंग्लिश फुटबॉल असोसिएशनच्या नियमांचा तो ‘असोसिएशन फुटबॉल’. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘रग्बी’चं ‘रगर’ केलं तसं ‘असोसिएशन’चं ‘सॉकर’ केलं. अमेरिकी महासंघाचं नाव १९१३ मध्ये स्थापनेच्या वेळी ‘फुटबॉल असोसिएशन’ असंच होतं. ‘सॉकर’ त्यात १९४५ मध्ये शिरला.

शब्दवेध

राहिला ‘एक्सायटिंग’. मी ‘थरारक’ धरून चाललो होतो.

मधलीफळी

डोनोव्हनच्या गोलाला ‘थरारक’ म्हणा, पण खेळाचं वर्णन म्हणून नको. थरार क्षणाचा असतो. बास्केटबॉलमध्ये असे क्षण मिनिटागणिक येतात, म्हणून तो शब्द तिथे शोभतो. सॉकरला ‘उत्कंठा’ हवी. उत् आणि कंठ, म्हणजे मान उंचावून वाट बघणं. गोल दुर्मीळ असल्यामुळे प्रत्येक चढाईत मान उंचावते. १० जुलै १९९९ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या : पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक, अमेरिका विरुद्ध चीन, १२० मिनिटं गोल नाही. अतिरिक्त वेळेत गोल होताच सामना संपणार होता, आणि चीनच्या एका हेडरवर अमेरिकेच्या क्रिस्टीन लिलीने गोलरेषेवरून चेंडू डोक्याने परतवला. पुढे पेनल्टी शूटआउटमध्ये अमेरिकेची गोलरक्षक ब्रायना स्करीने एक पेनल्टी अडवली, ब्रँडी चॅस्टेनने शेवटची मारली, अमेरिका ५–४ ने जिंकली. अमेरिकी क्रीडाइतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या सामन्यांपैकी हा एक, आणि फलक ०–०.

याच मैदानावर १९९४ चा पुरुषांचा ब्राझील–इटली अंतिम सामनाही ०–० झाला होता. त्याला मी स्वतः ‘कंटाळवाणा’च्या जवळ ठेवतो, दोन्ही संघ धोका पत्करायला तयार नव्हते. फलक सारखाच, सामने वेगळे. शब्द फलकावरून निवडू नये.

अवग्रह

मग ‘रंगणे’ विसरू नका. मराठीत मैफल रंगते, गप्पा रंगतात, सामना रंगतो. ‘रंगत गेला’ या क्रियापदाला वेळ लागतो, आधी काही मुरावं लागतं. ‘चुरशीचा’ म्हणजे दोन्ही बाजू तुल्यबळ, एवढंच. चुरस असूनही सामना न रंगणं शक्य आहे. १९९४ ला चुरस होती, १९९९ चा सामना रंगला.

शब्दवेध

मग वाक्यं अशी करतो :

‘सॉकर बघताना मला कंटाळा येतो. नव्वद मिनिटं धावतात, आणि घडत काहीच नाही.’

‘कोंडी फुटेपर्यंत मान वर करून बसावं लागतं. सामना तिथेच रंगतो.’

अवग्रह

दुसऱ्यात ‘बसावं लागतं’ काढा, त्यात सक्ती डोकावते. ‘कोंडी फुटेपर्यंत मान खाली जात नाही’ असं करा.