चर्चा: वारली लग्नाचा चौक प्रदर्शनात काढावा का?

धागाकर्ता
१९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' प्रदर्शनात ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरी या आदिवासी मंडळींनी जमिनीवर विधीचं चित्र मांडलं. मागच्या भिंतीवर ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांचं मातीचं वर्तुळ होतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रंही तिथे होती. त्यानंतर वारली म्हणून जे मांडलं जातं ते बहुतेक कागद-कापडावरचंच. मूळ चौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, मात्र सवाशिणी काढतात आणि धवलेरी, म्हणजे लग्नविधी करणारी बाई, गाते. कलेचं मूळ विधीत आहे असं सांगायचं असेल, तर चौक प्रदर्शनाच्या जागीच, सवाशिणींच्याच हातून काढून घ्यावा, त्यांना पूर्ण मानधन द्यावं आणि शेवटच्या दिवशी त्यावर शेणाचा हात फिरवावा. जतनाचा हट्ट नको.

प्रतिसाद १
साफ अमान्य. लग्न नाही तर चौक नाही. पालघाट देवी तिथे बोलावली जाते, ती सजावट नव्हे. भगताच्या (वारल्यांच्या मांत्रिक-पुजाऱ्याच्या) अंगात येईपर्यंत चौक कापडाने झाकलेला असतो. प्रदर्शन म्हणजे पहिल्या मिनिटापासून उघडं. झाकणंच काढून टाकलं, तर विधीतलं उरलं काय? सत्तरच्या दशकात चित्र कागदावर आलं तेव्हा देवी बहुतांशी घरातच राहिली आणि बाहेर आली ती शेती, मासेमारी, तारप्याचा (फुंकून वाजवायच्या वाद्याचा) नाच. ही निवड शहाणपणाची होती.

प्रतिसाद २
धार्मिक बाजूवर मी बोलणार नाही, भिंतीवर बोलतो. प्रदर्शनाच्या दालनातल्या जिप्सम बोर्डाच्या भिंतीवर हे जमणारच नाही. तो रंगवलेला असतो, पाणी पीत नाही, लेप पापडासारखा सुटतो. कारवी या झुडपाच्या काड्यांचा कूड, म्हणजे लिंपायची भिंत, वेगळ्या चौकटीत उभा करा. पहिला जाड थर माती, शेण आणि भाताच्या तुसाचा. तूस कमी पडलं की भेगा पडतातच. तो वाळला की भेगा बुजवून पातळ शेणाचा हात, मग गेरू. एसी बंद ठेवा, नाहीतर वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि आतली ओल त्याला फोडते.

पांढऱ्या रंगासाठी तांदूळ भिजवून वाटा, फडक्यातून गाळा. ओली रेघ फिकट दिसते, वाळल्यावरच पांढरी होते. नवखा माणूस घाईने त्यावरच दुसरा हात देतो आणि तीच जाड रेघ पुढे पोपडे धरते. कापड हलतं-दुमडतं म्हणून तिथे डिंक लागतो. कोरड्या कुडावर मी तो घालणार नाही. बांबूच्या काडीचं टोक चावून तंतू मोकळे केले की कुंचला तयार. पावसाळ्यात बुरशी येते, झुरळं तांदूळ खातात. महिनाभर टिकवायचंय की आठवडा, हे आधी ठरवा.

धागाकर्ता
झाकण्याचा मुद्दा पटला, माझ्या मांडणीत तो नव्हता. पण 'देवी घरात राहिली' एवढ्यावर थांबता येत नाही, कारण तिच्यासोबत बायकाही घरात राहिल्या. कागदावर आल्यावर नाव झालं ते मुख्यतः पुरुषांचं. जिव्या मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. चौक काढणाऱ्या हातांना मात्र कॅटलॉगात ओळही मिळत नाही.

प्रतिसाद १
मग त्यांना कॅटलॉगात आणा, चौकाला नको! सवाशिणींना कूड द्या, गेरू द्या, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांनी रेल्वे काढली किंवा मोबाईलचा टॉवर काढला तरी ते वारलीच. पुढची वाट मला तिथे दिसते. पालघाटच काढा असा आग्रह धरला की आपण त्यांना पुन्हा विधीत कोंडतो.

प्रतिसाद ३
करारात दोन गोष्टी लिहून घ्या. चौक काढायला नकार दिला तरी मानधन तेवढंच राहील. आणि काढलाच, तर फोटो काढू द्यायचा की नाही, झाकायचा कधी आणि पुसायचा कधी, हे धवलेरी सांगेल, क्युरेटर नाही. फोटो एकदा बाहेर गेला की दुसऱ्याच दिवशी तो चौक टी-शर्टावर येतो. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळूनही हे थांबलेलं नाही.

धागाकर्ता
नकाराचं मानधन मान्य. मूळ प्रस्तावातला 'चौक काढून घ्यावा' हा भाग मागे घेतो. कूड उभा करायचा, पुढचं त्या ठरवतील. तूस आणि कारवी आत्ताच मागवायला हवी, जून लागला की लेप वाळणार नाही.