सफरचंद छाटा, प्लमला थांबा

जानेवारीतच अलॉटमेंटवरची (बागकामासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावरची) सगळी झाडं छाटून वाफे साफ करावेत का, असं एकाने विचारलंय. इंग्लंडच्या हवेत सफरचंद आणि नासपतीची छाटणी आत्ताच करा, झाड सुप्तावस्थेत आहे. आधी वाळक्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. एका हिवाळ्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त काढू नका. नाहीतर उन्हाळ्यात नुसते सरळसोट फुटवे येतात, फळ नाही. प्लम आणि चेरीला मात्र आत्ता कात्री लावूच नका! ओल्या थंडीत ताज्या जखमेतून सिल्व्हर लीफ या रोगाची बुरशी शिरते. त्यांची छाटणी उन्हाळ्यात.

वाफे साफ करण्याला माझा ठाम विरोध आहे. पोकळ देठांत लेडीबर्ड (ठिपकेवाले छोटे भुंगे) थंडी काढतात आणि वसंतात तेच तुमचा मावा खातात. सूर्यफुलाच्या वाळक्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी येतात. छाटलेल्या निरोगी फांद्या कोपऱ्यात रचून ठेवा, त्याखाली हेजहॉग, म्हणजे काटेरी अंगाचा छोटा प्राणी, झोपतो. जाळायच्याच असतील तर ढीग जाळण्याच्या दिवशीच दुसऱ्या जागी रचून मगच पेटवा, म्हणजे आत झोपलेला हेजहॉग जळणार नाही. कुंपणाची झुडपं फेब्रुवारीअखेर आटपा. मार्चपासून पक्षी घरटी बांधतात, आणि वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं ब्रिटनच्या 1981च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.