शब्दचर्चा : कॉलेज फुटबॉलमधलं 'स्टॉपिंग द रन' – धाव रोखणे, मुसंडी अडवणे की आणखी काही?

अक्षरजुळारी
अमेरिकी कॉलेज फुटबॉलबद्दलच्या मराठी मजकुरात असं वाक्य आलंय : 'धावा रोखणाऱ्या संघाचाच हंगाम तरतो.' मूळ प्रयोग 'स्टॉपिंग द रन'. मराठी वाचकाला यातून निर्धाव षटक दिसणार. 'धावा'चं एकवचन केलं तरी क्रिकेट पाठ सोडत नाही. सीमारेषेवर झेपावणारा क्षेत्ररक्षक तेवढा दिसतो. 'मुसंडी अडवणे' कसं वाटतं? आणि यामागोमाग येणारे गॅप, बॉक्स, एज, टॅकल तसेच ठेवायचे का?

खडूफळा
आधी अर्थ पक्का करू, शब्द मग सापडेल.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, हा या खेळाचा पाया. चेंडू फेकून न्या नाहीतर हातात धरून पळत न्या. पळत नेण्याच्या चालीला रन म्हणतात. पण ती 'स्टॉप' करणं म्हणजे जागच्या जागी गाडून टाकणं असा अर्थ घेतला तर फसगत होते. पहिल्या प्रयत्नात दोन यार्ड दिले तरी बचावाचं काम फत्ते : आता दुसरा प्रयत्न, आठ बाकी. सहा दिले तर दुसरा प्रयत्न, चार बाकी, आणि समोरच्याला धाव, पास, हूल सगळंच मोकळं. विश्लेषक हाच हिशेब जरा काटेकोर करतात. पहिल्या प्रयत्नात हव्या असलेल्या अंतराच्या निम्मं, दुसऱ्यात 70 टक्के, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण अंतर मिळालं तरच चाल यशस्वी.

म्हणून 'थांबवणे' नको. 'रोखणे' चालेल, कारण मराठीत महागाई रोखतात तेव्हा ती शून्यावर आणत नाहीत. आणि नुसतं 'धाव' न लिहिता 'धावेची चाल' लिहा. 'चाल' म्हटलं की क्रिकेट आपोआप बाजूला होतं.

निदानरेषा
'मुसंडी'ला माझा विरोध. मुसंडी 'मारली' म्हटलं की ती यशस्वी झालीच. दीड यार्डावर तोंडघशी पडलेल्याने मुसंडी मारली असं कोण म्हणेल? शिवाय वर्तमानपत्रांनी तो शब्द गुणतक्त्यात नेऊन ठेवलाय. 'अमुक संघाची मुसंडी' म्हणजे आठव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर. कॉलेज फुटबॉलची क्रमवारी हंगामात दर आठवड्याला बदलते, तिथे हा घोळ हमखास होणार. फळी फोडून वीस-पंचवीस यार्ड पळाला तर त्या एका पळण्याला मुसंडी म्हणा, शोभेल.

टॅकलला मात्र आपल्याकडे सिद्ध शब्द आहे : पकड. कबड्डीत रुळलेला, आणि 'पकड निसटली'सारखा प्रयोगही तयार. फरक एवढाच की चढाईपटूला मध्यरेषेकडे जाऊ न देता धरून ठेवावं लागतं, इथे खाली पाडलं की चाल संपते. कॉलेजच्या नियमात तर कोणी हात न लावता पाय घसरून गुडघा टेकला तरी चेंडू मृत. व्यावसायिक लीगमध्ये तसं नाही.

अक्षरजुळारी
पण टॅकल हे खेळाडूच्या जागेचंही नाव आहे ना? 'डिफेन्सिव्ह टॅकल'ला 'बचावात्मक पकड' केलेलं वाचनात आलंय.

निदानरेषा
अरे देवा. जागेला टॅकल, क्रियेला पकड. 'टॅकलने पकड केली' हे वाक्य कानाला विचित्र लागत नाही, अर्थही चोख पोहोचतो.

आकडेमोड
'धावेचे यार्ड' लिहिताना एक मोठा खड्डा आहे, तो दाखवतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, फेकायला मागे सरकला आणि फेकण्याआधीच पाडला गेला, तर कॉलेजच्या अधिकृत हिशेबात ते गमावलेले यार्ड *धावेतून* वजा होतात आणि तो प्रयत्नही धावेतच मोजला जातो. व्यावसायिक एनएफएलमध्ये तेच नुकसान पासच्या खात्यात जातं.

समजा, प्रतिस्पर्ध्याने 30 वेळा खरोखर पळून 120 यार्ड काढले. सरासरी 4. त्याच सामन्यात क्वार्टरबॅक चार वेळा पाडला गेला, एकूण 28 यार्ड मागे. कागदावर दिसणार 34 प्रयत्न, 92 यार्ड, सरासरी 2.7. वाचणारा म्हणतो, वा, काय अभेद्य फळी! प्रत्यक्षात फळीने चार-चार यार्ड दिलेत आणि कौतुक पासच्या वेळच्या दबावाचं चाललंय.

तेव्हा सामन्याच्या तक्त्यावरून 'धावेविरुद्धचा बचाव भक्कम' लिहिण्याआधी ते नुकसान बाजूला काढून भागाकार पुन्हा करावा. 'दर सामन्याला दिलेले यार्ड' तर त्याहून बेभरवशाचं. ज्यांचा पासबचाव गळका असतो त्यांच्याविरुद्ध कुणी पळतच नाही, आणि ते यादीत वर बसतात.

खडूफळा
अगदी बरोबर. आता गॅप.

आक्रमणाच्या रांगेत पाच जण. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यापलीकडे टॅकल. सेंटर-गार्डमधली जागा ए, गार्ड-टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. दोन्ही बाजू धरून सहा. एका टोकाला टाइट एंड हा आणखी एक गडी उभा राहिला की त्याच्या बाहेर डी तयार होते, म्हणजे सात. धावेविरुद्धचा बचाव म्हणजे या साती जागांवर प्रत्येकी एक मालक नेमणं. पुढे तीन किंवा चार दांडगे, त्यांच्या मागे दोन-तीन लाइनबॅकर, कमी पडला तर सगळ्यात मागचा सेफ्टी खाली, म्हणजे रांगेकडे, उतरतो.

गोम पुढे आहे. डावा गार्ड जागा सोडून उजवीकडे धावत गेला तर जागांची मोजणीच बदलते. उजवीकडे एक नवी जागा उगवते. लाइनबॅकरने आपली मूळ जागा धरून बसायचं नाही, त्या गार्डचा माग काढायचा. एक पाऊल उशीर झाला की सात जागा, सहा मालक.

शुद्धमती
मग गॅपला 'खिंड' का नको? 'खिंड लढवणे' हा प्रयोग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

खडूफळा
मोह मलाही झाला होता. पण खिंड डोंगरातली, ती हलत नाही, आणि ती लढवणारा जागचा हटत नाही. इथे जागाच सरकते. 'फट' म्हणा, साधा शब्द आहे. फट रुंदावून पळणारा आरपार गेला की 'खिंडार पडलं' लिहा. खिंड लढवणारा एकच जण या खेळात आहे, तो म्हणजे सेंटरसमोरचा नोज टॅकल. काही पद्धतींत त्याच्याकडे एकट्याकडे दोन फटी असतात. समोरच्याच्या छातीवर दोन्ही तळवे, कोपर ताठ, डोकं मधोमध, दोन्हीकडे नजर आणि चेंडू जिकडे येईल तिकडे समोरच्याला झटकून जायचं. जॉर्जिया विद्यापीठाच्या 2021च्या संघातला जॉर्डन डेव्हिस असा होता, उंची 6 फूट 6 इंच, वजन दीडशे किलोच्या पुढे. त्याला रेटायला दोघं लागायचे, म्हणून मागचे लाइनबॅकर मोकळे पळायचे. त्याच्या आकड्यांत पकडी फारशा दिसत नाहीत, आणि त्या शोधूही नयेत.

शुद्धमती
पटलं. नोज टॅकलपुरती खिंड राखीव.

आकडेमोड
बॉक्सला 'चौकट' सुचवतो. दोन टॅकलच्या बाहेरच्या खांद्यांपासून मागे साधारण पाच यार्ड, एवढा चौकोन. 'चौकटीत सहा', 'चौकटीत आठ' लगेच कळतं. 'पेटी' नको, आणि बॉक्स तसाच ठेवला तर सॉकर पाहणाऱ्याला गोलपुढची पेनल्टीची जागा आठवते.

खडूफळा
चौकट छान. 'एज'ला 'कड', 'सेट द एज'ला 'कड धरणे'.

इथे दोन विरुद्ध पद्धती आहेत आणि दोन्हींचं भाषांतर 'अडवणे' केलं की सगळंच मातीत जातं. पहिली : कडेचा खेळाडू अंगावर आलेल्या अडवणाऱ्याला *आतल्या* खांद्यावर घेतो, बाहेरचा हात मोकळा ठेवतो आणि चेंडू आत, गर्दीकडे वळवतो. याला 'आत कोंबणे' म्हणू. दुसरी : तो *बाहेरचा* खांदा देऊन अडवणाऱ्याच्या आतल्या अंगाला घुसतो, मधली वाट बुजवतो, पळणाऱ्याला बाहेर सांडायला लावतो. तिथे एक चपळ साथीदार टपलेला असतो. इंग्रजीतही त्याला सांडणेच म्हणतात, म्हणून 'बाहेर सांडवणे' हा शब्द आयता मिळतो.

दोन्ही बरोबर, फक्त सगळ्यांनी एकच धरली पाहिजे. कडेचा आत कोंबतोय आणि लाइनबॅकर सांडण्याच्या भरवशावर बाहेर धावला, तर मधे भगदाड. कडेचा सांडवतोय आणि साथीदारही आत घुसला, तर बाहेर थेट सीमारेषेपर्यंत कोणी नाही. कॉलेजच्या मैदानावर ही चूक जास्त महागात पडते. मैदानाची रुंदी 160 फूट, पण चाल जिथून सुरू होते त्या दोन तुटक खुणांमध्ये 40 फूट अंतर असतं; एनएफएलमध्ये ते साडेअठरा. त्यामुळे चेंडू खुणेवर असला की एका बाजूला 60 फूट आणि दुसरीकडे 100 फूट मोकळं रान. त्या रुंद बाजूला कड सुटली तर पळणाऱ्याला गाठणं अवघड.

अक्षरजुळारी
आणि मूळ वाक्यातला 'हंगाम'? ते अतिशयोक्त आहे की तसं खरंच होतं?

आकडेमोड
एक पळणारा, दोन बचाव, तीन आठवडे. 15 नोव्हेंबर 2014 : विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने नेब्रास्काविरुद्ध 25 प्रयत्नांत 408 यार्ड काढले, तेही सामन्याच्या चारपैकी तीनच क्वार्टरांत. विस्कॉन्सिन 59–24 ने जिंकलं. महिनाअखेर नेब्रास्काने प्रशिक्षक बो पेलिनी यांना काढलं, संघाचे 9 विजय आणि 3 पराभव असताना. जखम जुनी होती : दोन वर्षांपूर्वी बिग टेन या विद्यापीठगटाच्या अंतिम सामन्यात याच विस्कॉन्सिनने त्यांच्याविरुद्ध 539 यार्ड पळून 70–31 असा विजय मिळवला होता. आणि 6 डिसेंबर 2014 ला ओहायो स्टेटने गॉर्डनला 26 प्रयत्नांत 76 वर ठेवलं, सामना 59–0 ने घेतला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही. 16.3 यार्डांची सरासरी 2.9 वर आली.

निदानरेषा
जबरी उदाहरण. पण सगळं श्रेय धावेला देऊ नका. जॉर्जियाची ती 2021 ची फळी डिसेंबरमध्ये अलाबामाकडून 41–24 हरली, तेव्हा अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंगने पासवर 421 यार्ड काढले होते. जानेवारीत त्याच अलाबामाला 33–18 हरवून जॉर्जिया विजेते झाले, ही गोष्ट वेगळी.

खडूफळा
मान्य. म्हणून हंगामावरचा परिणाम नेमका कुठून येतो ते लिहा. चौकटीत सहा जणांतच धाव रोखता आली, तर पाच जण पासच्या पहाऱ्याला उरतात. नाही जमलं की सेफ्टी खाली आणावा लागतो, मागे माणूस कमी, आणि मग हूल लागू पडते. 'प्ले-ॲक्शन'ला हूल हाच शब्द : धावेची हूल देऊन पास. ज्याला धावेची धास्ती नाही तो हुलीला फसत नाही.

दुसरं, थकवा. चार-चार, पाच-पाच यार्डांनी चालणारी चढाई दहा-बारा चालींची होते आणि दांडग्यांना बाकावर बसायला वेळ मिळत नाही. 2023 पासून पहिला डाउन मिळाल्यावर घड्याळ थांबत नाही, अपवाद दोन्ही अर्धांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा. त्यामुळे पळणाऱ्या संघाला सामना चघळणं आणखी सोपं. नोव्हेंबरात राखीव फळीतले दोघे-तिघे धड नसतील, तर सप्टेंबरातली सरासरी विसरा.

तिसरं, आर्मी किंवा नेव्ही या लष्करी अकादमींसारखा ऑप्शन खेळणारा, म्हणजे चेंडू कुणी न्यायचा ते चाल सुरू झाल्यावर ठरवणारा, संघ वेळापत्रकात असणं. एकाने मधे घुसणाऱ्याला धरायचं, दुसऱ्याने क्वार्टरबॅकला, तिसऱ्याने बाहेर चेंडू मिळणाऱ्याला. चेंडू कुणाकडे आहे ते बघायचंच नाही, आपला माणूस बघायचा. आठवड्याला 20 तासांची सरावमर्यादा, त्यात वर्षभराच्या सवयी मोडायच्या.

आकडेमोड
एक पुस्ती, 'सरासरी' या शब्दासाठी. 26 नोव्हेंबर 2022, कोलंबस. मिशिगनच्या डोनोव्हन एडवर्ड्सचे ओहायो स्टेटविरुद्ध 22 प्रयत्नांत 216 यार्ड. त्यातल्या दोन मुसंड्या 75 आणि 85 च्या, दोन्ही चौथ्या क्वार्टरात. उरलेल्या 20 प्रयत्नांत 56, म्हणजे 2.8. वीस वेळा रोखला, दोनदा सुटला, ओहायो स्टेट 45–23 हरले. सरासरी 9.8 लिहिली तर वाटतं फळी दिवसभर चिरडली गेली. तसं झालं नव्हतं. दोनदा खिंडार पडलं, आणि मागे कोणी नव्हतं.

अक्षरजुळारी
मग वाक्य असं करते : 'धावेची चाल कमी माणसांत रोखता आली, तर हंगाम हातात राहतो.' टॅकल जागेला, पकड क्रियेला. फट, खिंडार, चौकट, कड, हूल घेतले. 'डाउन'चं काय? तुम्ही दोघं मघापासून 'प्रयत्न' म्हणताय, पण वर 'पहिला डाउन मिळाला' असंही आलंय.

खडूफळा
पकडलंत. तिथे अर्थच निराळा आहे. चारांतला पहिला तो 'पहिला प्रयत्न'. दहा यार्ड पुरे करून नव्या चार प्रयत्नांचा हक्क मिळवला, तो 'पहिला डाउन मिळवणे'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, मराठीत दोन ठेवता येत असतील तर ठेवा.

शुद्धमती
'नवा चौकार' म्हणता येईल?

निदानरेषा
आलंच शेवटी क्रिकेट.